वाचक विचारतात : गोठ्यातली मांजर जवळ काहून येत नाई?

या वेळी मांजरांचीच पत्रं जास्त आली, पिल्लांचा सीझन सुरू आहे म्हणून असेल. शेळ्यांचे आणि कुत्र्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं गाव आर्वी तालुक्यात, घरामांगं गोठा हाये. दिवाळीपासून एक भुरी मांजर येते, संध्याकाळी दूध काढायच्या टायमाले बरोब्बर हजर. कुटाराच्या ढिगावर बसून पाह्यत राह्यते. वाटीत दूध ठेवलं तं मी आत गेल्यावरच पिते, एक पाऊल टाकलं की तुराट्यांच्या फटीतून पसार. मले तिले हात लावायचाय, जमलं तं घरात आणायचीय. सासूबाई म्हणतात खाऊ घालशील तं उंदरं मारणं सोडून देईन, अन् पोटुशी राह्यली तं पिल्लं कोण सांभाळीन? पोरगं सात वर्षांचं, ते तिच्या मांगं पळते, परवा त्याच्यावर फिसकारली. काय करू?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं घेऊ, खरी अडचण तिथंच दिसते. खाऊ घातलं की मांजर उंदीर मारणं सोडते असं आपल्याकडं घरोघरी म्हणतात पण तसं होत नाही. मांजर फक्त भुकेपोटी शिकार करत नाही, पोट भरलेलं असलं तरी समोर काही सळसळलं की ती झेप घेणारच, मग खाईल किंवा नुसतं मारून ओसरीवर आणून टाकेल तो भाग वेगळा. उलट उपाशी मांजर एका जागी टिकत नाही, चार घरं हिंडते, आणि तोवर तुमच्या ढोल्यातली तूर उंदरांना मोकळी. एक वेळचं खाणं तुमच्याकडं पक्कं असलं की गोठा तिचा होतो. पिल्लांचं मात्र सासूबाई शंभर टक्के बरोबर बोलतात, त्याबद्दल खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय मासिक बाजूला ठेवू नका.

आता दूध. ते बंद करा. दुधातली साखर पचवायला पोटात जे लागतं ते पिल्लू मोठं होता होता कमी होत जातं, त्यामुळं बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही. ती पिते कारण तिला आवडतं, आणि मग कुटारात जाऊन पातळ शी करून ठेवते, आपल्याला ते दिसत नाही म्हणून वाटतं की बाप्पा दुधावर मस्त चाललंय. तहानेला साधं पाणी ठेवा, आणि पाणी खाण्याच्या वाटीपासून थोडं लांब ठेवा.

खायला काय द्यायचं तर मांसच, मांजरीचं शरीरच तसं आहे. टॉरीन नावाचा एक घटक तिला रोज लागतो, तो तिला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही आणि भात-पोळीत तो नसतोच, फार दिवस मिळाला नाही तर डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. म्हणून नुसत्या दूधपोळीवर वाढलेल्या मांजरी अशा रोडावलेल्या दिसतात. रविवारी घरी कोंबडी आणली की फोडणीच्या आधी चार तुकडे, थोडी काळीज-पोटी, बाजूला उकडून घ्या. आधी म्हणतेय ते मुद्दाम, कारण कांदा आणि लसूण मांजरीला विष आहे, त्यानं तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, तेव्हा रस्सा धुऊन दिला तर चालेल का असं विचारू नका, नाही चालणार. शिजवलेली हाडं पण नको, ती चिरफळतात आणि घशात अडकतात. बाजारातले सुके झिंगे किंवा बोंबील द्यायचे तर भिजवून पाणी दोन-तीनदा फेकायचं, मीठ लय असतं त्यात. घरी मांसमच्छी चालत नसेल, माळकरी किंवा महानुभाव घरांतून तशी पत्रं नेहमी येतात, तर मांजरीचं पाकिटातलं सुकं खाणं आता तालुक्याच्या ठिकाणी मिळतं, तीन-साडेतीन किलोच्या मांजरीला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. ते दोन वेळा विभागून द्या. कुत्र्याचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून ते आणू नका, त्यात मांजरीपुरतं टॉरीन असेलच असं नाही. उकडलेलं अंडं अधूनमधून चांगलं, त्यात थोडा भात कालवला तरी हरकत नाही, पण नुसता भात हे जेवण नाही तिचं.

आता मेन गोष्ट, जवळ यायची. तुम्ही तिच्याकडं जायचं नाही, एवढं जमलं तर बाकी आपोआप होतं. वाटी रोज त्याच जागी, त्याच टायमाला, तुमचा दूध काढायचा टाइम तिला माहीतच आहे तर तोच धरा, आणि ठेवताना रोज एकच आवाज काढा, च्यक च्यक म्हणा, माऊ म्हणा, काही चालेल पण बदलू नका. ठेवून लगेच आत जाऊ नका आता. बऱ्याच लांब, तिला जेवायला भीती वाटणार नाही इतक्या लांब, खाली बसा, उभं माणूस तिला फार मोठं दिसतं. तिच्याकडं तोंड करून बसू नका, आडवं बसा आणि हातात काम घ्या, मेथी निवडा, सांबार निवडा, मोबाइल पाहा पण आवाज बंद. ती खाते की नाही हे टक लावून पाहायचं नाही, मांजरांमध्ये रोखून पाहणं म्हणजे भांडणाची तयारी. ती बिनधास्त खायला लागली की दुसऱ्या दिवशी वाटी जराशी, वीतभर, तुमच्याकडं सरकवा. एखाद्या दिवशी ती अडली, अर्धं खाऊन पळाली, तर वाटी पुन्हा मागं न्या, त्यात कमीपणा नाही. याला आठवडे लागतात, काही मांजरींना महिने, आणि मधी पाहुणे आले, थ्रेशर चाललं, पोळ्याला बैल धुताना गोंधळ झाला की पुन्हा मागं जाते, ते धरूनच चाला.

डोळ्यांचं एक सांगते, पुष्कळांना गंमत वाटते पण खरं आहे. तिची नजर चुकून तुमच्यावर पडली की डोळे अर्धे मिटा, हळू, क्षणभर बंद ठेवा आणि हळूच उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे नीट तपासून छापलं, अनोळखी माणसानं असे डोळे मिटून हात पुढं केला तर मांजरी त्याच्याजवळ जास्त गेल्या, आणि तोंड कोरं ठेवून बसलेल्याकडं कमी. मांजरीनं उलट तसेच डोळे मिटले तर समजा काम होतंय. शेपटी पाहत जा. उभी, टोकाशी किंचित वाकलेली शेपटी घेऊन आली तर ते रामराम आहे. शेपटी जमिनीवर आपटतेय, कान चपटे झालेत, तर बसल्या जागी बसून राहा, उठू पण नका.

हात लावायची घाई सगळ्यांनाच असते, तिथंच सगळं बिघडतं. आधी लांब दांड्याच्या पळीवर अंड्याचा किंवा कोंबडीचा तुकडा ठेवून पळी जमिनीलगत पुढं करा, हात लांबच राहतो. पळीवरून खायला लागली की एक बोट तिच्या नाकाच्या उंचीला, स्थिर. ती हुंगेल. हुंगून गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा बोट फिरवा आणि थांबा, म्हणजे स्वतःच थांबा, तिला नको होईपर्यंत चालू ठेवू नका. तिनं पुन्हा डोकं घुसवलं तर पुन्हा. डोक्यावरून हात आणू नका, पाठीमागून नाही, आणि पोट तर नाहीच, लोळून पोट दाखवलं तरी ते हात लाव म्हणून नसतं. मानगुटीला धरून उचलायचं तर डोक्यातून काढून टाका.

घरात आणायचं म्हणता, तर दार उघडं ठेवून. ती एक पाऊल आत आली आणि तुम्ही मागून दार लोटलं की आतापर्यंतचं सगळं पाण्यात गेलं समजा. आणि एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका, पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताची सवय झाली तर झाली, त्या वयात माणूस पाहिलाच नसेल तर काही मांजरी जन्मभर गोठ्यापर्यंतच येतात. रोज वेळेवर येते, तुमच्यासमोर निवांत अंग चाटते, ही पण दोस्तीच झाली. माझ्या मते गावातल्या मांजरीला तेवढं पुरतं, मांडीवर बसवायचा अट्टहास आपला असतो.

पोराला रागवू नका, काम द्या. वाटी आणून ठेवणं त्याचं काम, आणि ठेवून तुमच्याजवळ येऊन बसणं. पळणाऱ्या पोराला मांजर घाबरते, बसलेल्या पोराला नाही. फिसकारली म्हणजे ती रागीट आहे असं नाही, ती म्हणतेय बापा लांब राय, पुढची पायरी पंजा असते आणि तिनं ती टाळली, तिचे उपकारच म्हणायचे.

आता पिल्लांचं. मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही खाऊ घालणार, ती धडधाकट होणार, म्हणजे पिल्लं जास्त जगणार, आणि एका वर्षात गोठ्यात मांजरांची जत्रा भरणार. मग ती पिल्लं पोत्यात भरून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडायची, हे आपल्याकडं लोक सर्रास करतात आणि वर म्हणतात, मी काही मारली नाही. १९६० चा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा त्याला क्रूरताच म्हणतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जो रोज खाऊ घालतो त्यानंच ऑपरेशन करून आणायचं. तुमच्या ढोराच्या दवाखान्यात आधी विचारा, डॉक्टर करत नसतील तर कुठं होतं ते सांगतील, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात फोन करून वेळ विचारता येते, अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहे.

न्यायची कशी, हा पुढचा प्रश्न, कारण पकडणारा पिंजरा गावात कुठून आणणार. तुमच्याकडं आर्वीला संत्र्याचे प्लास्टिकचे क्रेट घरोघरी पडलेले असतात. दोन क्रेट घ्या, एक उलटा दुसऱ्यावर ठेवून एक लांब बाजू सुतळीनं बांधा, बाकी तीन बाजू उघड्या ठेवा, वरचा क्रेट समोरच्या बाजूनं झाकणासारखा उचलता आला पाहिजे. आत जुनं धोतर किंवा गोधडी अंथरा आणि आठ-दहा दिवस तिला जेवण त्यातच द्या, वर उचललेल्या कडेखाली वीट लावून, म्हणजे ती येऊन जाऊन करेल. दवाखान्याच्या दिवशी ती आत असताना वीट हळूच काढा, उघड्या तिन्ही बाजू सुतळीनं आवळून बांधा, वरून चादर टाका, अंधार झाला की ती गप्प बसते. पोत्यात घालून नेऊ नका, एप्रिल-मे मध्ये तर पोत्यात जीव जायचा. उपाशी किती वेळ ठेवायची ते डॉक्टरलाच विचारा, वयावर असतं ते. त्याच फेरीत रेबीजची लस टोचून घ्या, दर वर्षी द्यायची असते.

अजून एक, आणि हे प्रत्येक गोठेवाल्यानं वाचायला पाहिजे. गाईबैलांच्या गोचिडावर आपण सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचं औषध मारतो, उरलेलं मांजरीच्या पिसवांवर चोळतात काही लोक. मांजरीच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. आधी लाळ गळते, अंगाला कापरं भरतं, मग झटके. चुकून लागलंच तर कोमट पाण्यानं भांड्याचा साबण लावून धुवा आणि दवाखाना गाठा. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल पण नाही, एक गोळी मांजर मारायला पुरते. आणि तिला ठेवायची असेल तर ढोल्याजवळ उंदराच्या विषाच्या वड्या ठेवू नका. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस जिवंत फिरतो, तो तिनं खाल्ला तर तिलाही आतून रक्तस्राव होऊ शकतो, वेळेत गेलात तर व्हिटॅमिन के च्या इंजेक्शननं वाचते. झिंक फॉस्फाईड, ती काळी पावडर, तिच्यावर उतारा नाही.

उन्हाळ्यात मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की स्टीलच्या वाटीतलं पाणी चटका देतं. मुंग्या वाटीत चढत असतील तर वाटी पाणी भरलेल्या परातीत ठेवा. आणि हिवाळ्यात सकाळी ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी बोनेटवर एक थाप मारत जा, गरम इंजिनपाशी मांजरी झोपतात.

प्रश्न : तुरीच्या वावरात कापणी करताना बांधाजवळ तीन पिल्लं सापडली. आई दिसली नाही म्हणून घरी आणली, दूध पाजतोय. रंग वाळूसारखा हाये. मांजरीचीच असतील ना?
— भिवापूर तालुका, जि. नागपूर

उत्तर : भाऊ, मांजरीचीच, पण बहुतेक रानमांजरीची. आपल्याकडं तुरीत, उसात, नाल्याकाठच्या गवतात त्या पिल्लं घालतात. मोठी झालेली ओळखायची तर पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाकडं काळे कडे, कानाच्या टोकाला काळ्या केसांची बारीक शेंडी. लहान पिल्लांत हे नीट कळत नाही आणि फोटो पाहून मी पण छातीठोक सांगणार नाही. तुमच्या बाजूला वाघाटी पण आहे, घरच्या मांजरीपेक्षाही लहान, अंगावर तांबूस ठिपके. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, पाळता येत नाहीत. आई दिसली नाही म्हणजे सोडून गेली असं नसतं, माणसं आणि मजूर आहेत तोवर ती येणारच नाही. आजच्या आज वनविभागाला १९२६ वर फोन लावा आणि ते सांगतील तसं करा. शक्यतो पिल्लं त्याच बांधावर ठेवून तेवढा पट्टा एक-दोन रात्री कापायचा राहू द्या असं सांगतील, रात्री आई उचलून नेते. तोवर दूध पाजू नका, खोक्यात, सावलीत, कुत्र्यांपासून लांब ठेवा.

प्रश्न : मांजरीनं नातवाले बोचकारलं, रक्त नाई निघालं, नुसती रेघ. शेजारी म्हणते हळद लावा, मांजरीनं काही होत नाई, कुत्र्यानंच होते.
— दर्यापूर तालुका

उत्तर : मांजरीनं पण रेबीज होतो. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं लय मोठी असतात. हळद, चुना, मिरची काही लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच न्या, रक्त न निघालेल्या रेघेलाही लस लागते, रक्त निघालं असेल तर लसीसोबत जखमेभोवती सीरम पण देतात. डोस सुरू केले की पूर्ण करा, दुसऱ्यानंतर पोरगं खेळतंय म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : सून गरोदर आहे. घरची मांजर सोडून द्या असं सगळे म्हणतात.
— पांढरकवडा

उत्तर : सोडायची गरज नाही. भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची, तो मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण ती विष्ठा लगेच बाधत नाही, एक ते पाच दिवसांनी बाधते. म्हणजे रोजच्या रोज कुणीतरी दुसऱ्यानं साफ केली की मोठा धोका टळला. सुनेनं मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, भाजी नीट धुवावी, मटण पूर्ण शिजवून खावं, हा जंतू कच्च्या मटणातून आणि मातीतून पण येतो. मांजर मांडीवर बसली तर काही होत नाही. एवढं करून मनात शंका राहिलीच तर तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, रक्ताची टेस्ट असते.

प्रश्न : आमच्या केशरी बोक्याचं नाव पोट्ट्यांनी राणी ठेवलं. केशरी मांजर मादी असते का?
— आठवीतला वाचक, लाखनी

उत्तर : असते रे, पण कमी, दर पाच केशरी मांजरांत साधारण चार बोके निघतात. केशरी रंगाचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, बोक्याकडं एकच एक्स म्हणून एकदाच मिळालं तरी तो केशरी होतो, मादीला दोन्हीकडून मिळायला लागतं. एकाकडूनच मिळालं तर ती काळी-केशरी चट्ट्यांची होते, म्हणून तशी तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते. नेमकं कोणतं जीन ते २०२५ मध्ये जपानच्या क्युशू आणि अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी शोधलं, म्हणजे तुझ्या सायन्सच्या पुस्तकात अजून आलं नसेल, सरांना सांग. तुमचा जर खरंच बोका असेल तर राणी नाव राहू द्या, त्याला काही फरक पडत नाही, फक्त ढोराच्या दवाखान्यात नेलं की कार्डावर नर लिहायला सांगा.